मी मीटिंगला आलो नव्हतो

बसा साहेब. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हलतोय. सुताराच्या घरची खुर्ची अशीच असायची. इकडं बाकावर या. चहा टाकलाय.

तुम्ही कशाला आलाय ते तुम्ही फाटक उघडलं तवाच मला कळलं. उत्तर देतो, पण आधी एक हकिकत ऐका. घडून नऊ वर्षं झाली. फाउंड्रीतल्या जुन्या माणसांनी तुम्हाला ती सांगितली असंल, आपापलं तिखटमीठ लावून. मी नुसत्या मिठावर सांगतो.

तुम्ही आज जिथं साहेब आहात ती शेवंता फाउंड्री माझी. म्हणजे होती. शेवंता माझी आई. आता पाटीवर पुण्याच्या कंपनीचं नाव आहे, पण उद्यमनगरात रिक्षावाल्याला शेवंता म्हटलं तर तो बरोबर गेटात आणून सोडतो.

मी चौथी पास. जातीनं सुतार, कामानंही सुतार. दुसऱ्यांच्या फाउंड्रीला लाकडाचे नमुने करून द्यायचो. जसा जॉब पाहिजे तसा आधी लाकडात करायचा, वाळूत दाबायचा, अलगद उचलून काढायचा, आणि खाली जी पोकळी राहील तिच्यात पातळ लोखंड ओतायचं. तुम्ही इंजिनेर, तुम्हाला हे सांगायला नको. पण मला मुळापासनं धरल्याशिवाय सांगताच येत नाही. तर दुसऱ्यांना नमुने देता देता स्वतःची भट्टी टाकली, आणि वाढत वाढत एकशेदहा माणसं झाली. मालक झालो तरी शेठ कोणी म्हटलं नाही. मिस्त्रीच म्हणायचे. मलाही तेच बरं वाटायचं.

आमची मीटिंग रोज सकाळी नऊला. टेबल मीच केलेलं, बाभळीचं, आणि खुर्ची एक पण नाही. बसलेला माणूस लांबण लावतो. आदल्या दिवशीचे बिघडलेले जॉब गाड्यावर घालून आणायचे आणि टेबलावर मांडायचे. मी हातोडी घेऊन एकेकाला टिचकी मारणार, आवाज ऐकणार, खड्ड्यावरनं अंगठा फिरवणार आणि सांगणार. वाळू. लोखंड. कोअर, म्हणजे जॉब आतनं पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. ज्याचं खातं, त्यानं पुढं व्हायचं, "माझं" म्हणायचं, आणि तो जॉब स्वतः उचलून भट्टीपाशी नेऊन टाकायचा, परत वितळायला. दंड नाही, शिवी नाही. उचलायचा तेवढा. अहो, दंड माणूस भरतो आणि विसरतो. ऐंशी पावलं वजन उचलून सगळ्यांसमोरनं चालला की नाही विसरत.

मीटिंगला पाच-सहा जण असायचे, पण तुम्ही दोन नावं ध्यानात ठेवा. एक सातापा चौगुले, वाळूचं आणि साच्यांचं खातं त्याच्याकडं. पहिली भट्टी पेटवली तवापासनं माझ्याबरोबर. दुसरी मेहरून. आज तुम्ही तिला मॅडम म्हणता, ती विसाव्या वर्षी कोअर करायला आली होती. बाई जॉब हातात घ्यायची ते असं उलटंपालटं करून बघायची जशी बाजारात वांगी बघतोय. म्हणून तिला माल तपासायच्या खात्यावर घेतली, आणि पुढं ते खातंच तिच्या हातात दिलं.

चौसष्टाव्या वर्षी माझ्या छातीत डॉक्टरनी स्प्रिंग बसवली आणि म्हणाले, भट्टीचा जाळ बंद. लेक हुबळीला स्वतःची शाळा चालवते. ती म्हणाली, बाबा, मला लोखंड नको. मग विकायची ठरली. दोघं आले मागायला. एकाला नुसती जागा पाहिजे होती, गाड्यांचं शोरूम टाकायला. दुसरे पुण्याच्या कंपनीचे राजाध्यक्ष. बारीक अंगाचा माणूस, हळू बोलायचा. चार वेळा येऊन फाउंड्री बघून गेला. चौथ्या वेळी माझ्यासमोर बसला.

"सुतारसाहेब, चारही वेळा मला इथं एकच यंत्र दिसलं," म्हणाला. "ते म्हणजे तुम्ही. आणि तेवढं तुम्ही विकणार नाही आहात. मग मी विकत काय घेऊ?"

मी म्हटलं, माणसं आहेत की. ती घ्या, कसलेली आहेत.

तो म्हणाला, ते बघायला पाहिजे. मार्च, एप्रिल, मे, तीन महिने तुम्ही मीटिंगला जायचं नाही. मी अधनंमधनं येणार, न सांगता. फाउंड्री तुमच्याशिवाय उभी राहिली तर आहे तशी घेतो, एकशेदहा माणसांसकट, पाच वर्षं कोणाला काढणार नाही असं लिहून देतो. पण तुम्ही एकदा जरी मीटिंगच्या खोलीत दिसलात, तर मी समजेन की चालत नाही. मग मशिनं आणि ऑर्डरी तेवढ्या घेईन आणि चाकणला हलवीन.

समजलं ना साहेब? एकशेदहा चुली, आणि त्या माझ्या गप्प बसण्यावर.

मी घरी येऊन तणतणलो. माझ्याच घरात मलाच दाराबाहेर उभा करतोय हा पुणेकर. आमची हौसा जोंधळे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लेक नांदायला धाडली, तवा तिच्या सासरी जाऊन भाकरी कशी थापायची ते सांगत बसला व्हता काय? मग हितं बी बसा की गप."

मी शब्द दिला.

शब्द दिला, पण पाय कुठं ऐकतात. मीटिंगच्या खोलीला लागून माझं नमुन्याचं खोपटं होतं. मध्ये प्लायची भिंत. मी म्हटलं, मीटिंगला जायचं नाही असं ठरलंय, माझ्या खोपट्यात बसायचं नाही असं कुठं ठरलंय? आणि बिघडलेल्या मालाचा गाडा माझ्या दारावरनंच आत जायचा. जाता जाता मी बघणारच. डोळे काय काढून घरी ठेवायचे?

पहिल्या दिवशी, शपथेवर सांगतो, आपोआप झालं. आत एका जॉबवरनं सातापा आणि भट्टीवाला वीस मिनिटं भांडत होते. हा म्हणतोय लोखंड, तो म्हणतोय वाळू. मी गाड्यावर बघितलं होतं, वाळू होती. माझ्या हातात लाकडी हातोडा होता. भट्टीवाला परत "वाळू" म्हणाला, आणि भिंतीवर एक ठोका पडला. मग सातापाचा आवाज आला, "माझं."

तिसऱ्या दिवसापर्यंत ठरून गेलं, कोणी कोणाशी न बोलता. एक ठोका वाळू, दोन लोखंड, तीन कोअर. मी मीटिंगला जात नव्हतो. दिलेला शब्द पाळत होतो. हातोडा तेवढा जात होता.

एप्रिलमध्ये राजाध्यक्ष आले, न सांगता. आत उभे राहिले. जॉब टेबलावर आला. माझा एक ठोका पडला.

"हा आवाज कसला?" राजाध्यक्षांनी विचारलं.

"शेजारी सुतारकाम चालू हाय, साहेब," सातापा म्हणाला.

दुसरा जॉब आला. दोन ठोके.

"थोडं थोडं करतायत काम."

"लाकूड लई महाग झालंय साहेब. जपून करत्यात."

मी तोंडात पंचा कोंबून हसत होतो. आतही सगळे ओठ चावत असणार. एक सोडून. मीटिंग मोडल्यावर ती एक जण सरळ खोपट्यात आली.

"मिस्त्री, हातोडा माझ्याकडं द्या," मेहरून म्हणाली.

"का गं?"

"ठोका पडला की आमच्यातलं कोणी जॉबकडं बघत नाही. सगळे भिंतीकडं बघतात."

"चुकीचं ठोकलं का मी कधी?"

ती गप्प राहिली. मेहरून गप्प राहणारी बाई नाही. मी परत विचारलं, तर म्हणाली, "ते मागनं बोलू. आत्ता माझ्याकडं दाखवायला काही नाही. असेल तवा बोलेन."

मला लागलं ते. मी म्हटलं, तू हितं आलीस तवा तुला वाळू कुठली आणि राख कुठली ते कळत नव्हतं.

"नव्हतं कळत. तुम्हीच शिकवलं. म्हणून तर तुमच्यापाशी मागायला आले."

मी हातोडा दिला नाही. दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, मीटिंग सुरू झाली, पण माझ्या दारावरनं गाडा गेलाच नाही. मी डोकावून बघितलं तर गाडा नळाकडनं, पाठीमागनं वळसा घालून नेला होता. जॉब बघितल्याशिवाय ठोकू काय? दुपारी सातापाला पकडलं. म्हटलं, उद्यापासनं पूर्वीसारखा इकडनं आण.

तो मान खाजवत उभा राहिला. "मेहरूननं सांगितलंय, इकडनं न्हेला तर माझ्याशी गाठ हाय."

"मालक कोण हितला?"

"तुम्हीच की."

"मग?"

"मग काय. गाठ तिच्याशी हाय."

मी रुसून घरी जाऊन बसलो. म्हटलं, आठ दिवसांत येतील पाया पडत. एक दिवस गेला, दोन गेले. फाटक वाजलं की मी सदरा चढवायचो, बघतो तर दूधवाला. आठ दिवस कोणी आलं नाही. हौसा पण काही बोलली नाही, नुसतं रोज नऊ वाजता मुद्दाम घड्याळाकडं बघायची. नवव्या दिवशी मी आपल्या पायानं गेलो.

खोपट्यात पाऊल टाकलं आणि माझं डोकं फिरलं. पंपाचा नमुना खुंटीवर नव्हता.

त्या नमुन्याचं सांगतो. तवाच्या अकरा वर्षं आधी मी तो केला होता, जुन्या सागवानाचा, बावीस दिवस बसून. शेतातल्या पंपाचं बाहेरचं अंग. निम्मी फाउंड्री त्या एका जॉबवर चालायची. माझ्या हातचं सगळ्यांत देखणं काम. उद्यमनगरातले दुसरे मिस्त्री नुसता बघायला यायचे. तो मी सोडून कोणी पुसायचा पण नाही, आणि दिवसाचे साचे झाले की परत माझ्या खुंटीवर यायचा, असा माझा दंडक. त्या जॉबला एकच खोड होती. दर उन्हाळ्यात एका कोपऱ्यात वाळूचे खड्डे यायचे. मीटिंगला जॉब यायचा, मी टिचकी मारायचो, वाळू म्हणायचो. सातापा "माझं" म्हणायचा आणि बावीस किलो उचलून चालायला लागायचा. पावसाळा लागला की खोड आपोआप जायची. सातापाला मी किती वेळा बोललो असेन, तुझ्या वाळूत दम नाही म्हणून. तो म्हणायचा, बघतो मिस्त्री.

मी मेहरूनला गाठलं, नमुना कुठाय विचारलं.

"कामाला घेतलाय. आठ दिवसांत जागेवर येईल."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर दिला असता?"

मला वाटलं, पुण्याला पाठवला हिनं, नक्कल करायला. आठ दिवस मी नाही तर माझी फाउंड्री फितूर झाली. त्या दिवसापासनं मी खोपट्यात कान टवकारून बसायला लागलो. ठोकत नव्हतो. नुसता ऐकत होतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात राजाध्यक्ष परत आले. मी भिंतीला कान लावला. त्या दिवशी टेबलावर आवाज जास्तच झाला, एकामागं एक बारा जॉब मांडले. मेहरून बोलायला लागली.

ती म्हणाली, हे पंपाचे सहा मागच्या महिन्यातले, कोपऱ्यात वाळूचे खड्डे असलेले. हे सहा ह्या आठवड्यातले. हात फिरवून बघा, काचेसारखे आहेत. वाळू तीच, लोखंड तेच, साचा करणारा माणूसही तोच.

"मग बदललं काय?" राजाध्यक्षांनी विचारलं.

"नमुना. ह्या कोपऱ्याला उतार कमी होता."

उतार म्हणजे साहेब, बादली कशी वर रुंद, खाली निमुळती असती, तसं लाकूड किंचित निमुळतं ठेवायचं, वाळूतनं सुळकन निघावं म्हणून. उतार कमी पडला की लाकूड निघताना कोपऱ्यातली वाळू ओढून घेतं. ती सुटी वाळू मग लोखंडात जाते. पावसाळ्यात हवा ओलसर, वाळू धरून राहते. उन्हाळ्यात सुटते. मेहरून हे सगळं सांगत होती, आणि एकेक शब्द मला भिंतीतनं खिळ्यासारखा लागत होता. तिनं बाहेरच्या सुताराकडनं त्या कोपऱ्याला रंधा मारून घेतला होता. नुसतं अर्धं सूत, इंचाचा सोळावा भाग.

"हा नमुना केला कुणी?"

मग सातापा खाकरला.

"साहेब, वाळू माझ्या खात्याची. माझं. माझ्या नावावर घ्या."

आणि लोखंड टेबलावर घासल्याचा आवाज आला. तो जॉब उचलायला लागला होता.

"सातापामामा, ठेवा खाली," मेहरून म्हणाली.

"असू दे गं. काय बिघडतंय."

"अकरा उन्हाळे उचललात. तुम्हाला माहीत होतं ना? तुमच्या पोरांना पण माहीत होतं. लाकूड काढायच्या आधी त्या कोपऱ्याला चोरून पाण्याचा हात फिरवत होतात, वाळू धरून राहावी म्हणून. मिस्त्रींना कळू नये म्हणून. ठेवा म्हणते ना."

साहेब, मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? पश्चात्ताप वगैरे काही नाही. माझ्या सागवानाला परक्या सुताराचा रंधा लागला, ह्याचाच संताप आला. कानशिलं तापली. मग ती तशीच तापलेली राहिली, पण कारण बदललं.

कारण मला माहीत होतं. आता तुमच्यासमोर कशाला लपवू. पहिल्याच उन्हाळ्यात मला शंका आली होती. एका दुपारी खोपट्याचं दार लावून मी त्या कोपऱ्यावर हात फिरवला होता. हात खोटं बोलत नाही. उतार कमी होता. मी तो नमुना पुसला आणि परत खुंटीला अडकवला. दुसऱ्या दिवशी मीटिंगला टिचकी मारली आणि म्हटलं, वाळू. सांगणारा मी, तर मला कोण सांगणार? मी घातलेला तो नियम, ज्याचं त्यानं उचलायचं, पण फाउंड्री सुरू झाल्यापासनं एक जॉब मी उचललेला कोणी बघितला नव्हता. कोणाच्या मनातही आलं नव्हतं की मिस्त्रींच्या वाट्याला जॉब येऊ शकतो.

"मग हा जॉब कुणाचा, मेहरूनताई?" आतनं राजाध्यक्षांचा आवाज आला.

"ज्याचा आहे तो मीटिंगला नसतो."

"तर मग मीच टाकून येतो की," सातापा म्हणाला, आणि परत वाकला असणार. त्याचे गुडघे वाकताना वाजायचे. ते मला प्लायच्या भिंतीतनं ऐकू आले.

मी उठलो. तीन पावलं दार, दार उघडून आणखी तीन. हिशेब माझ्या डोक्यात होता, नव्हता असं नाही. आत गेलो की व्यवहार मोडला, फाउंड्री चाकणला, आणि हितं गाड्यांचं शोरूम. सगळं कळत होतं. तरी गेलो.

सगळे बाजूला सरकले. मी कोणाकडं बघितलं नाही. सातापाच्या हाताखालनं जॉब ओढून घेतला आणि छातीला लावला.

"माझं," म्हटलं.

राजाध्यक्ष हळूच म्हणाले, "सुतारसाहेब, आपलं काय ठरलं होतं?"

"मी मीटिंगला आलो नाही. माझा माल न्यायला आलोय."

"एकदा जरी आत दिसलात तर, असं मी म्हणालो होतो."

"म्हणालता. मला सगळं ध्यानात आहे. तुम्हाला घ्यायची तर घ्या, नाहीतर सोडून जा. पण माझी चूक सातापाच्या खांद्यावर ठेवून मला फाउंड्री विकायची नाही. शोरूमवाल्याला पण नाही आणि तुम्हाला पण नाही."

मी वळलो, आणि वळताना माझी नजर टेबलाच्या कडेला गेली. तिथं दुसरा एक जॉब होता, ब्रेकचा. त्याला भोकं पडली होती. मला लांबनंच कळलं कशानं ते. जीभ वळवळली साहेब. बावीस किलो छातीशी धरून मी दारात थांबलो आणि म्हटलं, "तो ब्रेकचा जॉब आहे ना, त्याचं..."

"मिस्त्री, तुमचा जॉब जड आहे," मेहरून म्हणाली. "तो न्या."

मग माझ्या पाठीमागं तिचाच आवाज आला, "दार लावा कोणीतरी. हं, ब्रेक. कोण बोलणार?"

दार लागलं. माझ्या पाठीवर, माझ्याच फाउंड्रीतलं.

ऐंशी पावलं. दोनदा थांबलो, छातीत कळ आली म्हणून. साचे करणारे हात थांबवून बघत होते. एकानं पण पुढं होऊन हात लावला नाही. ती रीत मीच घातलेली, आणि ती त्यांनी पाळली. मी आत्ता सांगताना हसतोय, पण त्या वेळी मनात म्हटलं, काय ही माणसं घडवून ठेवलीस रे बाबा. जॉब भंगारात टाकला आणि तिथंच बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ढिगावर बसलो. वाटलं, एका तोऱ्यापायी एकशेदहा जणांच्या चुलीत पाणी ओतलं. आता हौसाला काय सांगायचं, सातापाला काय सांगायचं.

बऱ्याच वेळानं राजाध्यक्ष हुडकत आले. ढिगावर रुमाल टाकून माझ्या शेजारी बसले.

"तुम्ही बाहेर पडल्यावर आत काय झालं, माहीत आहे?"

"काय?"

"काही नाही. त्यांनी पुढचा जॉब घेतला." मग म्हणाले, "पस्तीस मिनिटं मीटिंग चालली. कडाक्याची भांडणं झाली. तुमचं नाव कुणी काढलं नाही. मी कागद करायला सांगतो."

तुम्हाला वाटेल मला आनंद झाला असंल. झाला, पण मागनं. आधी राग आला. पस्तीस मिनिटांत एकदा पण नाव काढलं नाही?

कागद आले. एकशेदहा नावं, पाच वर्षं, सगळं कबूल केल्याप्रमाणं. शेवटच्या पानावर एक ओळ होती, मी सल्लागार म्हणून दर सोमवारी मीटिंगला यायचं, माझ्यासाठी एक खुर्ची ठेवणार. मी म्हटलं, ही ओळ खोडा. राजाध्यक्ष म्हणाले, मानाची आहे. मी म्हटलं, म्हणूनच खोडा. आणि तिथं दुसरी लिहा, की सुतार मीटिंगला येणार नाही. बोलावलं तरी येणार नाही. त्यांचा वकील म्हणाला, असं कलम आजवर कुणी घातलं नाही. मी म्हटलं, मग आज घाल. त्यानं घातलं, आणि त्याच्याखाली मी सही केली. कागद तुमच्या ऑफिसात आहे, काढून बघा.

घ्या, चहा आला. साखर कमी असंल, आमच्याकडं आता अशीच असते.

तर साहेब, नवीन गिअरच्या जॉबला चिरा पडायला लागल्यात. महिना झाला, कारण सापडेना. मेहरून लेकीच्या बाळंतपणाला मिरजेला गेलीय. आणि तिला न विचारता तुम्ही गाडी घेऊन मला न्यायला आलाय, एकदा येऊन नुसती टिचकी मारा म्हणून. बरोबर ना? पिशवीतनं शालीची कड दिसतीय.

तुम्ही मगाशी फोन टेबलावर ठेवलात ना, त्यावर चिरेचा फोटो उघडाच होता. मी बघितलाय. मला वाटतंय ते मला वाटतंय. जीभ आत्ताही वळवळतीय. पण सांगणार नाही. किती वर्षं मी टिचकी मारून सांगितलं ते खरं होतं, आणि अकरा उन्हाळे टिचकी मारून सांगितलं ते खोटं होतं, आणि दोन्हीचा आवाज सारखाच यायचा. ऐकणाऱ्याला काय फरक कळणार? सहा डोकी आहेत तुमच्याकडं, सातवं तुमचं. भांडा. महिन्यानं सापडेल, नाहीतर दोन महिन्यांनी.

शाल परत न्या. गाडी रिकामी न्या. माझी एक विनंती तेवढी ऐका. तिथं विचारतील, मिस्त्री का आले नाहीत म्हणून. तब्येत बरी नाही असं सांगू नका. गाडीत बसवत नाही, कान गेलेत, असलं पण काही नको. बाकावर बसून चहा पीत होता, धडधाकट होता, आणि नाही म्हणाला, असं सांगा. मेहरून आली की तिला पण सांगा, आणि तुम्ही स्वतः सांगा.